पलंगावरून केलेला चित्रपट

आजची गोष्ट जेनिफर ब्रिया या अमेरिकन दिग्दर्शिकेची. 'अनरेस्ट' हा तिचा माहितीपट 2017 मध्ये आला आणि तो तिनं बराचसा पलंगावर पडून केला.

ती हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होती. 2011 मध्ये तिला 104 अंशांच्या वर ताप आला. ताप उतरला, पण ती काही पूर्वीसारखी झाली नाही. चक्कर, तोल जाणं, शब्द न सापडणं असं सुरू झालं. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञानं निदान केलं, 'कन्व्हर्जन डिसऑर्डर'. म्हणजे जुना हिस्टेरियाच, नाव तेवढं नवं. दुखणं मनातलं आहे असं धरून चालून बघू, म्हणून ती दवाखान्यातून दोन मैल चालत घरी गेली. घरात शिरली आणि कोसळली. तिथून पुढे अंथरूण.

आजार होता मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, थोडक्यात एमई. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' या नावानं तो जास्त ओळखला जातो, आणि हे नाव मोठं फसवं आहे. थकवा काय, सगळ्यांनाच येतो! या आजारात थोडे श्रम झाले की काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, माणूस आडवा होतो. डॉक्टरांपुढे येतो तो बऱ्या घटकेतला रुग्ण. खरा आजार घरी, अंधाऱ्या खोलीत असतो. तो कुणाला दिसायचा? जेनिफरला धड लिहिता-वाचता येईना, तेव्हा तिनं मोबाइल समोर ठेवला आणि स्वतःचं चित्रण सुरू केलं. डॉक्टरांना दाखवता येईल, एवढाच सुरुवातीचा हिशेब.

आता जरा मागे जाऊ. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अशाच आजाराची साथ आली. अडीचशेहून अधिक लोक आजारी पडले. बहुतेक तिथलेच कर्मचारी, त्यात परिचारिका पुष्कळ. रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, 1970 मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं चाळून लिहिलं की हा सामूहिक हिस्टेरिया असावा. रुग्ण बायका जास्त, हा त्यांचा एक मुद्दा! एकाही रुग्णाला त्यांनी तपासलं नव्हतं. 'मनाला लावून घेतलंय' हे वाक्य इंदूरपासून हैदराबादपर्यंत आपल्याही घरांत ऐकू येतं, पण तिथं ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आजार मनाचा ठरला की रक्त, पेशी, मेंदू यांच्यावरच्या संशोधनाला पैसा कोण देणार? पैसा नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून पैसा नाही.

जेनिफरनं हे चक्र कॅमेऱ्यानं तोडायचं ठरवलं. 2013 मध्ये लोकवर्गणीचं आवाहन केलं. मागितले 50,000 डॉलर, जमले दोन लाखांवर. चित्रीकरण करणारे इंग्लंड-डेन्मार्कमधल्या रुग्णांकडे जायचे आणि ही घरून इंटरनेटवर मुलाखती घ्यायची. याच काळात तिनं इतरांसोबत 'एमई ॲक्शन' ही रुग्णांची चळवळ उभी केली. 2016 च्या निदर्शनांत जे अंथरुणातून येऊ शकत नव्हते, त्यांचे रिकामे बूट रस्त्यावर मांडले गेले. 'अनरेस्ट'ला सनडान्स महोत्सवात संकलनासाठी ज्यूरींचं विशेष पारितोषिक मिळालं, आणि तो ब्रिटिश संसदेतही दाखवला गेला.

पुढे 2021 मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं या रुग्णांना टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवायला लावण्याचा जुना सल्ला मागे घेतला. श्रेय एकट्या चित्रपटाचं नाही. रुग्ण, काही चिकाटीचे संशोधक आणि पत्रकार वर्षानुवर्षं झगडत होते. पण डॉक्टरांच्या टेबलावर न दिसणारी ती अंधारी खोली त्यानं पडद्यावर आणली, हे मला मोठं वाटतं.

2019 मध्ये जेनिफरनं आपला आजार शमल्याचं जाहीर केलं. कवटी आणि मानेच्या जोडावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिला हा फरक पडला होता. बातमी आनंदाची, तशीच अवघडही. कारण हेच इतर किती रुग्णांना लागू पडेल, हे एका माणसाच्या बरं होण्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी संशोधनच लागतं, आणि त्यासाठी पैसा.