श्वास कोण मोजतंय?

परवा शनिवार-रविवार चाळीसगावला मामाकडे जाऊन आलो. बेत साधा होता: आधी शेवभाजी, मग झोप. पण मामेबहिणीची जीएनएमच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. जेवण होताच तिने गाईड माझ्या हातात कोंबलं. "दादा, तू फक्त प्रश्न विचार. तुला समजायची गरज नाही."

(सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल घरच्यांचं मत हे असं असतं. असो.)

दोन धडे राहिले होते. एक ओटीतल्या टीमवर्कचा, दुसरा ऑपरेशननंतर पेशंटच्या श्वसनाची काळजी. गच्चीवर चटई टाकून बसलो.

"फाउलर पोझिशन कधी देतात?"

"श्वासाला त्रास होत असेल तर. डोकं आणि छाती वर, ४५ ते ६० अंश."

मला खाज सुटली म्हणून फोनवर शोधलं, हा फाउलर कोण? तर ब्रुकलिनचा एक सर्जन. १९०० साली त्याने पेशंटला असं बसतं ठेवायला सांगितलं ते श्वासासाठी नव्हे, तर पोटात पू झाला असेल तर तो खाली ओटीपोटात उतरावा म्हणून! श्वासाला आराम पडतो म्हणून ती पद्धत पुढे टिकली. जुन्या कोडसारखंच झालं. लिहिलं एकासाठी, चालतंय दुसऱ्यासाठी. :)

पुढचा प्रश्न. "श्वास किती वेळ मोजायचा?"

"पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आणि पेशंटला कळू द्यायचं नाही, नाहीतर तो श्वास बदलतो."

एवढं काटेकोर का? याचं उत्तर गाईडमध्ये नव्हतं. ते आमच्या समोरच्या डोंगरापलीकडे होतं म्हणा ना.

चाळीसगावच्या दक्षिणेला कन्नडचा घाट. आज घाट चढला की संभाजीनगर जिल्हा लागतो, पण १९४८ पर्यंत त्या बाजूला निजामाचं राज्य होतं आणि या बाजूला १९४७ पर्यंत ब्रिटिशांचं खानदेश. त्या निजामाच्या राजधानीत, हैदराबादला, एका प्रश्नावर मोठं भांडण झालं: भुलेखाली पेशंट मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून?

भांडणाला कारण होतं. बोस्टनला १८४६ साली ईथर आलं, पुढच्या वर्षी एडिंबरात क्लोरोफॉर्म. आणि २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली गेली. ऑपरेशन कसलं? पायाच्या बोटाचं नख काढायचं. तेव्हा भूल देणं हे वेगळं काम मानतच नसत. जो मदतनीस रिकामा, तो रुमाल धरून उभा. सगळे डोळे सुरीकडे.

हैदराबादच्या एडवर्ड लॉरी या सर्जनचं म्हणणं होतं की श्वास नेहमी आधी थांबतो, म्हणून नाडीकडे नव्हे, श्वासाकडे बघा. १८८८ साली त्याने त्यासाठी आयोग बसवला. लंडनच्या 'लॅन्सेट'ला ते पटेना. मग निजामाने १००० पौंड दिले, १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हा नामांकित डॉक्टर हैदराबादला आला, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरीच्या बाजूने लागला. त्याच हैदराबादेत त्याच काळात रूपाबाई फर्दुनजी ही पारशी बाई क्लोरोफॉर्म देत होती. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचं नाव घेतात.

गंमत म्हणजे लॉरी अर्धाच बरोबर होता. १९११ मध्ये गुडमन लेव्हीने दाखवलं की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेत हृदयाची लय बिघडून ते अचानक थांबू शकतं. पण श्वासावर एका माणसाची नजर सतत हवी, हे लॉरीचं म्हणणं खरंच होतं.

मी म्हटलं, "पण आता बोटाला पल्स ऑक्सिमीटर असतो की! १९७४ साली जपानच्या आओयागीने त्याची मूळ कल्पना मांडली. मग मिनिटभर मोजत कशाला बसायचं?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग तिने ट्रेनिंगमधली एक रात्र सांगितली. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट, दुखण्यासाठी इंजेक्शन दिलेलं, नाकाला ऑक्सिजन. मशीनवर ९८. सगळं छान. हिने मोजलं तर श्वास मिनिटाला नऊ. सीनियरला सांगितलं. "झोपलाय तो. झोपू दे." ही दहा मिनिटं नुसती उभी राहिली. परत मोजलं, आठ. तेव्हा हिने थेट डॉक्टरांना फोन लावला. ते आले, औषधाचा उतारा दिला, पेशंट वाचला. सकाळी हिला बोलणी बसली, सीनियरला डावलून फोन का केला म्हणून.

"ऑक्सिजन चालू असला की मशीन बराच वेळ चांगलंच दाखवतं, दादा. श्वास मंदावतोय हे मोजल्याशिवाय कळत नाही. पण मला अजून ती दहा मिनिटं आठवतात."

तिथे माझ्या डोक्यात दोन्ही धडे एक झाले. मोजणारा माणूस हवाच, पण त्याचं ऐकणारेही हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली ती यासाठीच. त्या कामाचे प्रमुख अतुल गावंडे, ज्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असं तीनदा सगळ्यांनी थांबायचं. ऑक्सिमीटर लावलाय का? श्वासमार्ग अवघड आहे का? आणि सुरीच्या आधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. नाव कशाला? कारण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गडबड दिसली तर बोलतो. दिल्लीसह आठ शहरांत तपासलं तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले.

पण कॅनडातल्या ओंटारियोत १०१ हॉस्पिटलांत ही यादी आल्यानंतर काय झालं, ते २०१४ साली छापून आलं: मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक नाही. अनेकांनी याचा अर्थ असा लावला की कागदावर टिक मारणं आणि खरंच थांबून ऐकणं यात फरक आहे. आमच्याकडे कोड रिव्ह्यूचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. न वाचता 'ओके' लिहिणारे आपणच. फक्त आपल्याकडे सर्व्हर पडतो.

रविवारी रात्री निघताना बहिणीला विचारलं, "परत तशी रात्र आली तर?"

"आता दहा मिनिटं नाही थांबणार."

तर मंडळी, कधी घरच्या कुणाजवळ हॉस्पिटलात बसलात, आणि एखादी सिस्टर पेशंटच्या छातीकडे बघत, हातातल्या घड्याळावर नजर ठेवून नुसतीच उभी दिसली, तर तिला लगेच बिलाचं विचारू नका. एक मिनिट थांबा. ती मोजतेय.