दोन नद्यांमधले धान्यकोठार

थिंफूहून पूर्वेस निघालेला रस्ता चढत चढत दोचुला खिंडीशी पोहोचतो. उंची सुमारे ३,१०० मीटर. आभाळ निरभ्र असेल, तर उत्तरेकडे बर्फाच्छादित शिखरांची रांग दिसते. नसेल, तर केवळ धुके आणि २००३ सालच्या लष्करी मोहिमेतील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले १०८ लहान स्तूप. तेथून उतार लागतो आणि प्रवासी काही तासांतच एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत जातो. सूचिपर्णी झाडे व ऱ्होडोडेंड्रॉन मागे पडतात, हवा उबदार होते, आणि सुमारे १,२०० मीटर उंचीवर पुनाखाचे खोरे उलगडते. डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे, त्यांच्या बांधांवरून खाली झुळझुळणारे पाणी, आणि मधूनच एखाद्या टेकाडावर पांढऱ्या भिंतींचे बुद्धमंदिर. कोकणातील श्रोत्यांना ही खाचरे आणि ही लावणी ओळखीची वाटेल. ओळखीचे वाटणार नाही ते तेथील राज्याशी असलेले त्यांचे नाते.

खोऱ्याच्या तळाशी उत्तरेकडून दोन नद्या येतात: फोछू आणि मोछू, म्हणजे नर नदी आणि मादी नदी. त्यांच्या संगमावरील जमिनीच्या टोकावर पुनाखाचा झोंग उभा आहे. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी, तिन्ही एकाच भिंतीआड. आपल्या मनात किल्ला म्हटला की डोंगराचे शिखर उभे राहते. हा मात्र सखल तळाशी, पाण्याच्या कुशीत बांधला. मला वाटते, त्याचे कारण वरच्या खाचरांतच शोधावे. ज्याच्या हाती हे खोरे, त्याच्या हाती भूतानचे सर्वांत भरवशाचे धान्य.

ही गोष्ट ज्याने नेमकी हेरली, तो मूळचा परका होता. तिबेटातील रालुंग मठाच्या गादीवरून वाद झाला आणि १६१६ साली शाब्द्रुंग नवांग नामग्याल दक्षिणेकडे निघून आले. १६३७-३८ मध्ये त्यांनी हा झोंग बांधविला. तिबेटातून सैन्ये त्यांच्या पाठीवर येतच राहिली. त्यांना सोबत आणलेली एक पवित्र मूर्ती हवी होती. शाब्द्रुंगांनी ती मूर्ती नदीत फेकल्याचे सोंग केले आणि शत्रू फसून परत गेला, अशी कथा आहे. पुनाखाच्या वार्षिक उत्सवात त्या लढायांचे सोंग आजही वठविले जाते. कथेतील इतिहास किती हे बाजूला ठेवले, तरी हा माणूस गुपित राखण्यात वाकबगार होता खरा. १६५१ साली ते एकांतवासात निवर्तले. ती बातमी सुमारे अर्धे शतक गुप्त ठेवण्यात आली. त्यांच्या नावाने आज्ञा सुटत राहिल्या आणि नवजात राज्य फुटले नाही. त्यांचा देह याच झोंगमध्ये जतन केलेला आहे.

आता या व्यवस्थेचा पाया पाहू. नाणे दुर्मिळ, सारा तांदूळ, लोणी, कापड आणि वेठ यांच्या रूपाने घेतला जाई. म्हणून झोंगची कोठारे हाच खरा खजिना. थंडी पडली की शासन आणि मठातील भिक्षुसंघ थिंफूहून पुनाखास उतरे, उन्हाळ्यात परत वर जाई. धान्य वर वाहून नेण्यापेक्षा राजधानीनेच धान्याकडे चालत यावे, हा हिशेब मला मोठा शहाणपणाचा वाटतो! १९५५ च्या सुमारास शासन बारमाही थिंफूत स्थिरावले. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या काळात भूदासत्व संपले आणि सारा हळूहळू रोखीवर आला. प्रमुख भिक्षुसंघ मात्र आजही दर हिवाळ्यात ही वाट उतरतो.

या भिंतींनी अपमानही पाहिला आहे. १८६४ साली ब्रिटिशांचा वकील अ‍ॅशली ईडन येथे आला. दरबारात त्याच्या तोंडाला पिठाचा गोळा फासण्यात आला आणि एका करारावर बळजबरीने सही घेण्यात आली. त्याने सहीसोबत ‘सक्तीने’ असे इंग्रजीत लिहून ठेवले. सूड लगेच आला. युद्ध झाले, आणि १८६५ च्या सिंचुला तहाने पायथ्याचा सुपीक द्वारप्रदेश भूतानच्या हातून गेला. मोबदल्यात दरसाल ५०,००० रुपयांपर्यंतची रक्कम ठरली. ईडनच्या थोबाडीची ही किंमत फार महाग पडली, असे म्हणावे लागते. मैदानातील उत्पन्न हरपल्यावर डोंगरांतील अशा खोऱ्यांचे मोल वाढले नसते तरच नवल. १७ डिसेंबर १९०७ रोजी उग्येन वांगचुक पहिले वंशपरंपरागत राजे झाले, तेही याच झोंगमध्ये.

खाचरे पाण्याची, आणि पाणी भांडणाचे. येथे ओढ्याच्या वरच्या गावाचा हक्क पहिला मानतात. खालच्याने वाट पाहायची. लावणीच्या दिवसांत ही वाट फार लांब वाटते. पण ७ ऑक्टोबर १९९४ ला पाणी कोणाच्याच हक्काचे राहिले नाही. उत्तरेकडील लुनाना भागात लुग्ग्ये नावाचे हिमनदीतळे फुटले आणि फोछूला लोंढा आला. वीसहून अधिक माणसे गेली, शेते वाहून गेली, झोंगलाही तडाखा बसला. वर अशी आणखी तळी आहेत. त्यांतील थोरथोर्मी तळ्याची पातळी उतरविण्यासाठी २००९ ते २०१२ या काळात शेकडो माणसे दिवसेंदिवस चालत वर गेली. यंत्रे नेण्यास वाट नव्हती. उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत, बर्फाळ पाण्यात उभे राहून, कुदळी-फावड्यांनी त्यांनी चर खोदले आणि तळे सुमारे पाच मीटर खाली आणले. नदीकाठी आता धोक्याचे भोंगे बसविलेले आहेत, आणि त्यांच्या खांबांखालच्या खाचरांत भाताची लावणी चालते.