घसरणाऱ्या गाडीला मार्क

ऑफिसात चहाच्या वेळी वाद झाला. मित्र म्हणाला, "कोण जिंकलं हे घड्याळ नाही, परीक्षक ठरवतात. ड्रिफ्टिंग हा कसला मोटरस्पोर्ट?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

पण इतिहास पाहिला तर ड्रिफ्टिंग शर्यतीच्याच पोटातून आलंय. कुनिमित्सु ताकाहाशी मूळचा मोटरसायकलवाला. १९६१ मध्ये मोटरसायकलची जागतिक ग्रां प्री जिंकणारा पहिला जपानी. १९७० च्या दशकात कार शर्यतींत तो वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवायचा. ते पाहून भारावलेला केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तेच करू लागला. सार्वजनिक रस्त्यावर हे बेकायदाच, आणि माझ्या मते मूर्खपणाचंही. १९८७ च्या 'प्लस्पी' व्हिडिओत त्याचं ते घाटातलं ड्रायव्हिंग लोकांनी पाहिलं. पुढे २००१ पासून डी१ ग्रां प्री मालिका सुरू झाली. तिथे मार्क वेगाला, कोनाला, गाडीच्या रेषेला.

मित्राचा एक मुद्दा खरा आहे. डांबरी ट्रॅकवर टायर प्रमाणाबाहेर घसरला की पकड जाते, वेळ वाया जातो. ड्रिफ्टिंग म्हणजे शर्यत नव्हेच. पण मल्लखांबातही मार्क परीक्षकच देतात की! त्याला खेळ नाही असं कोण म्हणेल?

२०१७ मध्ये एफआयएनंही टोकियोत ड्रिफ्टिंग कप भरवला. मला मात्र १९९५ जास्त पटतं. त्या वर्षी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्सनं आपला गट जिंकला. गाडी तिघांनी आळीपाळीनं चालवली होती. त्यातले दोघे ताकाहाशी आणि त्सुचिया.

मित्राला हे पाठवलंय. ब्लू टिक आली आहे.