केशवपन, वेणीदान आणि केशदान : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मस्तकावरील केस उतरविणे ही कृती एकच असली, तरी तिचे अर्थ अनेक आहेत. बालकाचे जावळ, बटूची मुंज, पित्याच्या निधनानंतरचे क्षौर आणि तिरुपतीचा नवस या सर्व प्रसंगी वस्तरा चालतो. पण कोणीही त्यास विटंबना म्हणत नाही. विधवेच्या केशवपनास मात्र एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी क्रौर्य म्हटले. हा भेद कशामुळे निर्माण होतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दान आणि दंड

प्रयाग येथील त्रिवेणी संगमावर वेणीदानाचा विधी महाराष्ट्रीय दांपत्ये परंपरेने करीत आली आहेत. त्यात सौभाग्यवती स्त्रीच्या वेणीचे केवळ टोक, सुमारे दोन अंगुळे, कापून संगमात अर्पण केले जाते. केसांची शोभा कायम ठेवून त्यांचा अंश देणे, हे या दानाचे स्वरूप होय. पतीच्या निधनानंतर त्याच स्त्रीचे सर्व केस काढले जात, तेव्हा त्यास दान म्हणता येत नसे.

केशवपन एकदाच होत नसे, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. केस वाढू लागताच न्हाव्यास पुन्हा बोलाविले जाई आणि हा क्रम आयुष्यभर चाले. ज्या मस्तकास नव्या त्वचेप्रमाणे ऊन, थंडी व वस्तऱ्याच्या जखमांपासून जपावयास हवे, त्यावर अलवणाचा पदर एवढेच आच्छादन असे. हेतू निगेचा नसून ती स्त्री विद्रूप दिसावी हा होता.

वस्तरा धरणाऱ्याचा नकार

1856 च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली, तथापि केशवपनास त्याने हात लावला नाही. आगरकरांनी ‘सुधारका’तून या रूढीवर कठोर टीका केली. परंतु टीकेपलीकडे जाणारी कृती नाभिक समाजाकडून घडली. ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार करण्यात आला. रूढीचे शास्त्रार्थ सांगणारे वेगळे होते आणि वस्तरा चालविणारे वेगळे. दुसऱ्यांनी हात आखडता घेतल्यास पहिल्यांचा अधिकार पोकळ ठरतो, हे लोखंडे यांनी ओळखले होते. गिरणी कामगारांचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीस ही दृष्टी लाभावी, यात नवल नाही. त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी त्यांच्या प्रयत्नांमुळे मिळाली. आज चिंचोळी एमआयडीसीतील कामगार ज्या साप्ताहिक सुटीस आपला हक्क मानतात, तिच्या आणि केशवपनविरोधाच्या इतिहासात अशा रीतीने एकच नाव भेटते.

पंढरपूर ते करमाळा

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे सकेशा ब्राह्मण विधवेस विठ्ठलाच्या पूजेचा अधिकार आहे किंवा नाही, हा वाद दीर्घकाळ चालला. धर्मशास्त्राचे इतिहासकार भारतरत्न पां. वा. काणे यांनी या प्रश्नात विधवांची बाजू घेतली. या रूढीस वेदांचा आधार नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे मांडले. अण्णासाहेब कर्वे यांच्या संस्थेसाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी वैधव्यात केशवपन सोसले होते. पुढे त्यांनी केस वाढविण्याचा निर्णय स्वतः घेतला. शास्त्राने अनुमती देणे आणि स्त्रीने स्वतः निर्णय घेणे यांतील दुसरी गोष्ट अधिक दूरगामी होती.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची प्रेरणा होती. ठरावाचा रोख कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांवर होता. केशवपन तोवर इतिहासजमा झाले होते. वस्तरा गेला, तरी विधवेच्या देहावर खूण उमटविण्याची वृत्ती शिल्लक होती, असा याचा अर्थ होतो.

आजचे केशदान

अलीकडे कर्करोगाच्या उपचारांत केस गमावलेल्या रुग्णांच्या टोपांसाठी स्त्रिया केस देतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे फूटभर केसांमागे दोन ते अडीच वर्षांची निगा असते. काही जणी संपूर्ण मुंडनही करून घेतात. बाह्यतः हे मस्तक केशवपन झालेल्या विधवेच्या मस्तकाहून निराळे दिसत नाही. परंतु येथे दात्री स्वतः खुर्चीवर बसते आणि केस कोठे जाणार हे तिला ठाऊक असते. पुढे वाढू द्यायचे की नाही, हेही तीच ठरविते.

निष्कर्ष

मुंडनाचा अर्थ वस्तऱ्यात नसून संमतीत आहे. म्हणूनच केशदानाचा गौरव करताना ‘एवढे तरी द्यावे’ असा आग्रह कोणत्याही स्त्रीवर होता कामा नये. महाविद्यालयांतून असे उपक्रम होत असतील, तर नकार देणाऱ्या विद्यार्थिनीचा मान देणारीइतकाच राखला गेला पाहिजे. 1890 च्या नाभिकांनी नकाराचे जे मूल्य दाखविले, त्याचे भान ठेवणे हेच या इतिहासाचे आजचे प्रयोजन होय.