चवदार तळ्याभोवतीचे 'रहिवासी' आणि आजच्या नागरी समित्या

महाडचा सत्याग्रह आपण समतेचा लढा म्हणून सांगतो, आणि तो तसा होताच. पण त्याची एक बाजू जयंतीच्या भाषणांत फारशी येत नाही. महाडचा झगडा नगरपालिकेच्या ताब्यातल्या एका सार्वजनिक जागेवरून झाला होता. "या जागेवर हक्क कोणाचा?" हा तिथे विचारला गेलेला प्रश्न आज शहरातल्या बागा, मैदाने आणि फुटपाथांबद्दलही विचारला जातो. म्हणून वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनी हा इतिहास नगरपालिकेच्या अंगाने पुन्हा एकदा वाचायला हवा.

घटनाक्रम पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर मिळाला होता. तरी अस्पृश्यांना त्या पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा अमलात आला. त्याचे उत्तर सनातन्यांनी लाठ्यांनी दिले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

त्यानंतर डिसेंबर १९२७ मध्ये काही स्पृश्य मंडळी दिवाणी कोर्टात गेली. तळे सार्वजनिक नाही, ते स्पृश्यांचे आहे आणि पूर्वापार वहिवाटीने फक्त तेच त्याचा वापर करत आले आहेत, असा त्यांचा दावा होता. तळ्याच्या चारही बाजूंना रस्ते आणि रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची घरे होती. मुसलमान ते पाणी वापरत होते, त्याला हरकत नव्हती. हरकत फक्त अस्पृश्यांना होती. आजच्या भाषेत सांगायचे तर परिसरातल्या रहिवाशांनी 'आपल्या' परिसराच्या रक्षणासाठी कोर्टाचे दार ठोठावले होते. हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी पूर्वापार वहिवाट सिद्ध होत नाही.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. सार्वजनिक जागा कागदावर सार्वजनिक असली म्हणून ती सर्वांची होत नाही. 'इथले रहिवासी' या शब्दात कोण मोडतो, हे ज्याच्या हातात असते त्याचीच ती होते.

एकाच ट्रस्टने वसवलेली दोन शहरे

आता मुंबईकडे वळू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर हवेशीर आणि निरोगी करणे हे त्याचे काम होते. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, पण सुरुवातीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या तितक्या नव्या बांधल्या नाहीत. याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते, झाडे आणि बागा असलेल्या वसाहती आखल्या. पाच उद्याने, पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही त्याच आखणीतली. आणि याच ट्रस्टने कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या.

बाबासाहेब दोन्हीकडे राहिले. परळच्या बीआयटी चाळीत त्यांच्या कुटुंबाने अनेक वर्षे काढली, आणि नंतर हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले. एका माणसाच्या आयुष्यात मावलेले हे अंतर आजही मुंबईच्या नकाशावर दिसते. एका ठिकाणी बाग आधी आखली गेली आणि तिच्याभोवती घरे आली. दुसऱ्या ठिकाणी एका खोलीत एक कुटुंब, आणि मोकळी जागा म्हणजे दोन चाळींमधले अंगण. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला सरकारने २०७ बीडीडी चाळी बांधल्या, तिथेही चित्र फारसे वेगळे नव्हते.

हा फरक टिकून कसा राहिला? एक मोठे कारण मताधिकार. मुंबई पालिकेचा मतदार दीर्घकाळ कर किंवा भाड्याच्या रकमेवर ठरत असे. 'नागरिक' म्हणजे 'करदाता' ही समजूत तिथूनच आली. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. मुंबई पालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत शहराचे मुख्य आराखडे ठरून गेले होते.

१९९७ सालचे घाटकोपर

मतदाराची अट गेली, पण 'करदाता नागरिक' गेला नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचऱ्याचा प्रश्न स्वतः हातात घेतला, आणि १९९७च्या सुमारास पालिकेने त्यातून 'प्रगत परिसर व्यवस्थापन', म्हणजे एएलएम योजना उभी केली. सोसायट्यांच्या समित्या झाल्या आणि वॉर्ड ऑफिसातल्या अधिकाऱ्यांशी त्यांच्या बैठका होऊ लागल्या. झोपडपट्टीच्या वाट्याला पुढे 'दत्तक वस्ती' योजना आली. मानधन देऊन वस्तीतल्याच लोकांकडून गटारे आणि गल्ल्या साफ करून घेण्याची ही योजना. एकाला अधिकाऱ्यासोबत खुर्ची, दुसऱ्याच्या हातात झाडू. हातात झाडू कोणाच्या येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

त्याच १९९७च्या ११ जुलैला त्याच घाटकोपरमध्ये, माता रमाबाई आंबेडकर नगरात, पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा जणांचे जीव गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही. पण एकाच उपनगरात, एकाच काळात, शासन एका वस्तीशी बैठकीत बोलत होते आणि दुसरीशी बंदुकीने, ही वस्तुस्थिती आहे. त्याच वर्षी, एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि हजारो घरे पाडली गेली.

नागरी संघटनांनी चांगले काम केलेच नाही, असे मी म्हणणार नाही. ओव्हल मैदान वाचले ते रहिवाशांच्या लढ्यामुळे. मैदाने खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणालाही त्यांनी विरोध केला. मोकळ्या जागा बिल्डरच्या घशात जाऊ नयेत, यावर आपले त्यांचे एकमत आहे. प्रश्न पुढचा आहे. मैदान वाचल्यानंतर त्याला कुंपण पडते, वेळा ठरतात, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हाकलले जाते, बाकावर झोपलेला मजूर 'उपद्रव' ठरतो. जातीचे नाव कुठेच घेतले जात नाही. महाडला 'वहिवाट' होती, आता 'परिसराचा दर्जा' आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. स्थानिक म्हणजे आपोआप लोकशाही, हे त्यांना मान्य नव्हते. हीच कसोटी शहरातल्या मोहल्ल्यालाही लावावी लागेल.

मग आपण काय करायचे?

आपल्याकडे संघटना नाहीत असे नाही. जयंती मंडळ आहे, पंचायत समितीची शाखा आहे, महिला मंडळ आहे, विहाराची समिती आहे. चौदा एप्रिलला आपण हजारो माणसे शिस्तीत रस्त्यावर आणतो. पण वॉर्ड ऑफिसात विकास आराखड्याचा नकाशा उघडतो तेव्हा आपण तिथे नसतो. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि शहरभरातून इतक्या हरकती आल्या की तो मागे घ्यावा लागला. त्या मोहिमेत काही वस्त्यांनी स्वतःचा नकाशा स्वतः काढला. म्हणजे हे जमते.

आपल्या वस्तीतल्या कोणत्या भूखंडावर कसले आरक्षण आहे, हे माहिती अधिकारात विचारा. मैदान, वाचनालय, दवाखाना, शौचालय यांच्या जागा लिहून घ्या. पुनर्विकासाच्या नकाशावर सही करण्याआधी विहार, अभ्यासिका आणि मुलांचे मैदान कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत असताना हा प्रश्न आजचा आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. तिथे सभासदत्वाची अट सोसायटी नाही, करही नाही, फक्त मतदार यादीतले नाव आहे. ही सभा बहुतेक ठिकाणी भरतच नाही. ती भरवण्याची मागणी आपण केली पाहिजे, कारण आपण संख्येने दिसू अशी ती जागा आहे.

१९२४चा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता. लोक तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हा तो खरा झाला. आपल्या वॉर्डातही असे ठराव, अशी आरक्षणे आणि अशा तरतुदी पडून आहेत. त्या शोधा, वाचा आणि तिथपर्यंत चालत जा.

जय भीम!