एकोणीस आसनी द्विइंजिनी विमान आणि नाशिकची प्रादेशिक हवाई सेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
नाशिकजवळील ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० एमकेआयपर्यंतची लढाऊ विमाने येथे तयार झाली. मात्र नियमित प्रवासी विमानसेवा शहराला दीर्घकाळ लाभली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेंतर्गत एअर डेक्कनने बीचक्राफ्ट १९००डी विमानाद्वारे येथून मुंबई व पुणे या मार्गांवर सेवा सुरू केली. या विमानाची रचना व नाशिकमधील उपयोग यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विमानाची रचना
किंग एअर या व्यावसायिक विमानाचा सांगाडा लांबवून अमेरिकेतील बीचक्राफ्ट कंपनीने १९०० हे विमान सिद्ध केले. त्याचे पहिले उड्डाण १९८२ मध्ये झाले. सुधारित १९००डी मध्ये छत उंचावल्याने प्रवाशाला आत उभे राहता येऊ लागले. वाढलेल्या भारासाठी अधिक शक्तिशाली टर्बोप्रॉप इंजिने बसविण्यात आली आणि पंखांच्या टोकांना उभे पंखक जोडण्यात आले. एकोणीस ही आसनसंख्याही सहेतुक होती. त्याहून अधिक आसने असल्यास अमेरिकी नियमांनुसार केबिन कर्मचारी ठेवणे बंधनकारक असते. २००२ मध्ये उत्पादन थांबले. तरीही मालवाहतूक, लष्करी वाहतूक व मदतकार्य यांसाठी हे विमान वापरात राहिले. अमेरिकेत १९७८ नंतर अनुदानित लहान शहरांच्या सेवेतही त्याचा उपयोग झाला.

नाशिकचा अनुभव
लहान विमान तोकड्या धावपट्टीसाठी उपयुक्त मानले जाते. ओझरला ही अडचण नव्हती. तेथील धावपट्टी सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. उणीव होती ती प्रवासीसंख्येच्या खात्रीची. ती जोखीम कमी करण्यासाठी 'उडान'मध्ये सवलतीच्या भाड्याची मर्यादा व तीन वर्षांचे तूट-अनुदान यांची तरतूद होती. परंतु मुंबई विमानतळावर उड्डाणासाठी सोयीची वेळ मिळणे दुष्कर ठरले व सेवेत सातत्य राहिले नाही. शिवाय मुंबई रस्त्याने सुमारे १७० किलोमीटरवर आहे आणि ओझर शहरापासून सुमारे वीस किलोमीटर दूर आहे. त्यामुळे हवाई प्रवासात वाचलेला वेळ जमिनीवरच खर्च होत असे. एप्रिल २०२० मध्ये कंपनीचे कामकाज थांबले.

याउलट जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने मोठ्या बोइंग ७३७ विमानाने दिल्ली सेवा सुरू केली. ती २०१९ मध्ये कंपनीबरोबरच संपली. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने गोवा, अहमदाबाद व नागपूर या मार्गांवर उड्डाणे सुरू केली.

निष्कर्ष
दोन वैमानिक व दोन इंजिनांचा खर्च केवळ एकोणीस प्रवाशांवर विभागला जात असल्याने असे विमान अनुदानावाचून टिकणे कठीण असते. नाशिकच्या बाबतीत आसनसंख्येपेक्षा अंतर निर्णायक ठरले, असे म्हणता येईल. जेथे रस्त्याचा प्रवास अर्ध्या दिवसात आटोपतो, तेथे लहान विमानाला वाव अल्प राहतो. म्हणून प्रादेशिक सेवेचे नियोजन करताना विमानाच्या क्षमतेआधी मार्गाची निवड तपासणे आवश्यक आहे.