वॉकीटॉकी : परवाना कोणाला, सूट कोणाला?

गृहनिर्माण संस्थेचा सुरक्षारक्षक, मंगल कार्यालयातील व्यवस्थापक, सह्याद्रीत भटकणारा गिर्यारोहकांचा गट अशा अनेकांच्या हाती आज वॉकीटॉकी दिसते. मोबाइलची 'रेंज' जिथे संपते तिथेही ही यंत्रे एकमेकांशी थेट बोलतात, त्यांना ना मनोरा लागतो ना मासिक बिल. मात्र खेळण्याइतक्या सहजतेने विकत मिळणारे हे यंत्र कायद्याच्या दृष्टीने बिनतारी प्रक्षेपक आहे, याची जाणीव खरेदी करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना असते.

भारतात या विषयाचा पाया 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी तारायंत्र कायदा यांनी घातला. परवान्याविना प्रक्षेपक केवळ जवळ बाळगला तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद 1933 च्या कायद्यात होती. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, कैदेची मुदत मात्र नाही. या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये दूरसंचार कायदा संमत केला. लहरींचे वाटप दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे असते. हवेतील लहरींवर पाळत ठेवण्याचे काम स्वतंत्र संनियंत्रण संघटना करते. तिचे एक केंद्र मुंबईत बोरिवलीच्या गोराई रस्त्यावर आहे.

सर्वसामान्यांसाठी परवानामुक्त असे दोन पट्टे आहेत. पहिला 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झचा 'सिटिझन बँड'. 2005 च्या नियमांनी त्यात पाच वॉटपर्यंतच्या, अंगभूत अँटेना असलेल्या संचांना सूट दिली. ही सवलत कागदावर उदार दिसते, पण येथील लहरीची लांबी सुमारे 11 मीटर असते. तिला साजेसा पाव लांबीचा अँटेनादेखील पावणेतीन मीटरचा होतो. हातात मावेल इतक्या आखूड अँटेनातून पाच वॉटांपैकी बरीच शक्ती वाया जाते.

दुसरा पट्टा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा. 2018 च्या नियमांनी तो अल्पशक्तीच्या संचांसाठी खुला केला आणि सामान्य ग्राहकाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारा हाच. युरोपात तो 'पीएमआर 446' या नावाने आधीपासून रूढ आहे. तेथील मर्यादा अर्ध्या वॉटची असून अँटेना काढता येत नाही. वेष्टनावर दहा-बारा किलोमीटरचा पल्ला छापलेला असला तरी इमारतींच्या गर्दीत एक-दीड किलोमीटर मिळाला तर समाधान मानावे. डोंगरमाथ्यावरून समोरच्या माथ्यावर मात्र हाच संच कितीतरी दूर पोहोचतो. मधली दरी त्याला अडवत नाही, मधली सोंड अडवते. काही संचांत 'प्रायव्हसी कोड' असतो. तो इतरांचे बोलणे आपल्या कानी येऊ देत नाही इतकेच. आपले बोलणे कोणीही ऐकू शकतो.

परवाना नको, याचा अर्थ कोणतीही अट नाही असा नव्हे. संचाच्या त्या विशिष्ट मॉडेलला 'इक्विपमेंट टाइप अॅप्रूव्हल' म्हणजे प्रकार-मान्यता मिळालेली असली पाहिजे. संकेतस्थळांवर हा तपशील न देताच वॉकीटॉकी विकल्या जात असल्याचे आढळल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये विक्रेत्या मंचांना नोटिसा बजावल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. विक्रेत्याकडे लहरपट्टा आणि मान्यतेचा क्रमांक मागणे हा ग्राहकाचा हक्कच आहे.

खरी फसगत होते ती स्वस्त परदेशी संचांत. त्यांतील अनेक संच 136 ते 174 आणि 400 मेगाहर्ट्झच्या पुढील विस्तृत पट्ट्यांत पाच वॉटने बोलतात. हे पट्टे अनेक परवानाधारक यंत्रणा वापरतात, आणि चुकीच्या जागी दाबलेले एक बटण कोणाचा तरी तातडीचा संदेश बुडवू शकते. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेली जोडीही निर्धोक नाही. तिथे परवानामुक्त असलेला 462 ते 467 मेगाहर्ट्झचा पट्टा भारतातील सवलतीत बसत नाही. अधिक शक्तीचे संच हवे असलेल्या संस्थांनी किंवा उद्योगांनी रीतसर लहरी मंजूर करून घेऊन त्याचे शुल्क भरावे लागते.

छंद म्हणून दूरवर बोलू इच्छिणाऱ्यांसाठी हौशी रेडिओचा, म्हणजेच 'हॅम'चा मार्ग आहे. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला नागरिक परीक्षा देऊन हा परवाना मिळवू शकतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीचे संकेतनाम 'व्हीयू3'ने, तर जनरल श्रेणीचे 'व्हीयू2'ने सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांचे संकेतनाम व्हीयू2आरजी होते. या लहरींवर व्यापारी संदेश चालत नाहीत. 2001 च्या भूज भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानात, इतर संपर्क तुटलेले असताना, हौशी चालकांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले होते.